स्टेपनी होती, हवा नव्हती

सामान्यकाळातील बत्तिसावा रविवार, वर्ष अ
शुभवर्तमान : मत्तय २५ : १-१३



आजच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला दर तीन वर्षांनी याच सुमारास आपल्यापुढे येतो आणि दर वेळी मिस्सा संपल्यावर कोणीतरी मला सॅक्रिस्टीच्या दारात गाठून एकच प्रश्न विचारते. "फादर, त्या पाच शहाण्या मुलींनी थोडे तेल दिले असते तर काय बिघडले असते? आपण तर लहानपणापासून शिकलो की आपल्यातले दुसऱ्याला द्यावे." प्रश्न अगदी रास्त आहे. खरे सांगायचे तर आजवर मी जे उत्तर देत आलो, त्याने माझेच कधी समाधान झाले नव्हते. गेल्या महिन्यात मार्गासनीच्या रस्त्यावर मला थोडे उत्तर मिळाले, आणि ते माझ्याच चुकीमुळे मिळाले. म्हणून आज ती हकीगत सांगतो.

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची मुलगी, जावई आणि नातवंडे सुट्टीसाठी परदेशातून आली होती. तिकडे ही मंडळी मोटारघर घेऊन फिरतात. ज्या गाडीतच बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी असते, ती गाडी. आपल्याकडे तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी खास धोरण आणले आणि आता अशा गाड्या ड्रायव्हरसह भाड्याने मिळतात. तशी एक गाडी त्यांनी दोन दिवसांसाठी घेतली. राजगडाच्या पायथ्याशी जायचे, रात्री तिथेच मुक्काम करायचा. घरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनी सांगितले, "फादर, गाडीवर पवित्र पाणी शिंपडा आणि तुम्हीही आमच्याबरोबर चला." शनिवार सकाळ मोकळी होती, संध्याकाळी कोणीतरी मला परत आणून सोडणार होते. मी तयार झालो.

चर्चच्या आवारात गाडी उभी होती. मी प्रार्थना केली, पुढून मागून पवित्र पाणी शिंपडले, चाकांवरही शिंपडले. तेवढ्यात ड्रायव्हरदादा म्हणाले, "फादर, पाच-दहा मिनिटं द्या. गाडी दोन महिने उभी होती. स्टेपनीची हवा बघून घेतो." स्टेपनी गाडीच्या मागच्या बाजूस खाली साखळीने टांगलेली होती. ती काढायची म्हणजे अंगाला काळे लागणार, वेळ जाणार. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "आता कुठे ते काढत बसता! उन्हं वाढतील. वाटेत बघू. आत्ताच आशीर्वाद दिलाय ना गाडीला!" सगळे हसले. ड्रायव्हरदादाही हसले, पण त्यांचे हसणे जरा वेगळे होते हे मला आज आठवते.

कात्रजचा बोगदा गेला, खेड शिवापूर गेले. वाटेत पंक्चर काढणाऱ्यांची दुकाने होती, खांबाला जुने टायर टांगलेले. पण आत मुलांची गाणी रंगात आली होती, थांबायचे कोणालाच सुचले नाही. चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळलो आणि वेल्ह्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळे झालेले, काही खाचरांत कापणी सुरू. आजी मागच्या बिछान्यावर पडल्या होत्या. गाडी चालू असताना कोणीही बिछान्यावर पडू नये, पट्टा लावून आसनावरच बसावे, हेदेखील आम्हांला त्या दिवशी उशिरा कळले.

मार्गासनीच्या थोडे अलीकडे मोठा आवाज झाला. दिवाळीचा सुतळी बॉम्ब गाडीखाली फुटावा तसा. गाडी डावीकडे कलली, खालून कसला तरी पट्टा फाड्फाड् पत्र्यावर आपटू लागला. मी पुढे बसलो होतो. मी ओरडलो, "ब्रेक मारा, ब्रेक मारा!" ड्रायव्हरदादांनी माझे ऐकले नाही. परमेश्वराची कृपा की ऐकले नाही. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला आणि गाडी सरळ रेषेतच जाऊ दिली. वेग अगदी मंदावल्यावर सपाट कड बघून बाजूला घेतली. मग चारही इंडिकेटर लावले, आम्हांला रस्त्यापासून दूर, शेताच्या बाजूला उतरवले आणि शाबूत चाकांना दगडांची उटी लावली. पण आवाजाने दचकून आजी उठायला गेल्या होत्या, त्यात तोल जाऊन ओट्यावर आदळल्या. उजवे मनगट मोडले होते.

ड्रायव्हरदादांनी नंतर मला समजावून सांगितले ते तुम्हांलाही सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण आता गाडी चालवतात. टायर फुटला की गाडी त्या बाजूला ओढली जाते. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारला किंवा चाक एकदम वळवले तर गाडी हातातून निसटते आणि मोठी, उंच गाडी उलटूसुद्धा शकते. गाडी आधी सरळ ठेवायची, वेग आपोआप उतरू द्यायचा, थांबणे त्यानंतर. मन मात्र त्या क्षणी सांगते की आधी थांबा. माझ्या मनाने तेच सांगितले आणि मी ते मोठ्याने बोलूनही दाखवले.

टायर का फुटला? मला वाटले खिळा असेल. तसे नव्हते. गाडीला मागे जोडचाके होती, त्यांतले बाहेरचे फुटले होते. त्याची नक्षी चांगली होती, बोट घातले तर खोल जात होते. दादांनी बाजूवरचा आकडा दाखवला. टायरवर एक चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. इथे ३११६ होते, म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. अशी गाडी चालते कमी आणि उभी जास्त असते. उभी असतानाही तिचे वजन रात्रंदिवस टायरवर असते, ऊन लागते, हवा थोडी थोडी उतरते, रबराला बारीक तडे जातात. टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी करून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी टायर बदला. त्यात आमची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. हवा कमी आणि ओझे जास्त झाले की टायर फिरताना दबतो, पुन्हा पुन्हा वाकतो, आत तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. नक्षी पाहून आपण म्हणतो, टायर नवा आहे.

एक जण म्हणाले, "जोडीतले आतले चाक आहे ना, त्यावर हळूहळू जाऊ." दादा म्हणाले, "नाही. त्याच्यावर आता दोघांचं ओझं आहे. तेही फुटेल." (विवाहाच्या तयारीला येणाऱ्या तरुण जोडप्यांना हे वाक्य मी पुढे सांगणार आहे.)

मग स्टेपनी काढली. साखळी गंजलेली, पाना बसत नव्हता, अर्धा तास त्यातच गेला. शेवटी चाक खाली आले. नवे कोरे होते, त्याच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा तसेच होते. दादांनी मीटर लावला. जेवढी हवा हवी होती तिच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत.

बंधू-भगिनींनो, त्या दहाही कुमारींकडे दिवे होते. आपण नेहमी असे समजतो की पाच जणी तयार होत्या आणि पाच जणी अगदीच निष्काळजी. शुभवर्तमान तसे सांगत नाही. दहा जणी घरातून निघाल्या, दहाही जणींकडे दिवे होते आणि नवरदेवाला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली. झोपेबद्दल प्रभू येशू कोणालाच दोष देत नाही. माणूस थकतो, डुलकी घेतो. फरक फक्त एवढाच होता की पाच जणींच्या भांड्यात तेल होते, आणि मध्यरात्रीपर्यंत हा फरक कोणाला दिसलाही नसता. आमच्याकडे स्टेपनी होती. कोणी विचारले असते तर आम्ही छातीठोकपणे "आहे" म्हणालो असतो. तसा आपल्या प्रत्येकाच्या कपाटात बाप्तिस्म्याचा दाखला आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. माझ्या कपाटात तर गुरुदीक्षेचाही आहे.

'स्टेपनी' हा शब्द मूळचा कुठला हे मला त्याच दिवशी आजींच्या जावयांनी सांगितले. इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात लानेली नावाचे गाव आहे. तिथे १९०४ साली डेव्हिस नावाच्या भावांनी मोटारीला लावायचे जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळतच नसे, टायर फुटला की मालक रस्त्यात बसून दुरुस्ती करी. त्यांचे दुकान स्टेपनी रस्त्यावर, म्हणून चाकाचे नाव स्टेपनी. कंपनी गेली, पण आपल्याकडे शब्द राहिला. आता तर नियमही बदलला आहे. ऑक्टोबर २०२० पासून आपल्या देशात लहान मोटारींना स्टेपनी नसली तरी चालते, मात्र टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्त करण्याचे साहित्य गाडीत असावे लागते. बारीक भोक त्याने बुजते. आमच्यासारखा टायर फाटला तर त्या साहित्याचा उपयोग नाही. असो.

आता त्या तेलाच्या प्रश्नाकडे येतो.

आम्ही रस्त्याकडेला उभे असताना राजगडावर निघालेले चार तरुण मोटारीतून आले. आपण होऊन थांबले. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काका, आमची स्टेपनी घ्या, परत येताना द्या." ना ओळख ना पाळख, आणि स्वतःचे जादा चाक काढून द्यायला तयार! त्यांनी डिकीतून चाक काढलेही. दादांनी ते बघितले आणि मान हलवली. आमच्या चाकाला सहा बोल्ट, त्यांच्याला पाच भोके. मापही लहान. त्या मुलाच्या मनात कंजूषपणा नव्हता, आमच्याही मनात संकोच नव्हता, पण ते चाक आमच्या गाडीला बसणारच नव्हते.

मी तिथेच उभा राहिलो. इतकी वर्षे मी त्या पाच जणींना मनातल्या मनात स्वार्थी म्हणत होतो. त्यांच्या मनात नव्हते म्हणून त्यांनी दिले नाही असे नाही. काही गोष्टी द्याव्याशा वाटल्या तरी देता येत नाहीत.

पण त्या मुलांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी आपले सामान रस्त्याकडेला उतरवले, आजींना आणि त्यांच्या मुलीला गाडीत बसवले आणि माघारी नसरापूरच्या दिशेने दवाखान्यात घेऊन गेले. त्यांची राजगडाची सकाळ गेली. चाक देता आले नाही, गाडी देता आली. संत जॉन ख्रिसोस्तोम या दाखल्यावर प्रवचन करताना सांगतात की तेल म्हणजे गोरगरिबांवर केलेली दया, आणि ते तेल विकणारे म्हणजे दुसरे कोणी नसून खुद्द गरीबच. त्यांच्याकडूनच ते मिळते, आणि दुकान उघडे आहे तोवरच मिळते. संत ऑगस्टिन यांनी तेल म्हणजे प्रीती असे म्हटले. दोघांचेही म्हणणे एकच की हे तेल आयुष्यभर थेंब थेंब साठवायचे असते.

तोवर बाजूच्या खाचरातून एक शेतकरी हातात विळा घेऊन आले. "काय झालं पाव्हणं? आवाज पार तिकडं ऐकू आला." मी सगळे सांगितले. स्टेपनीला बोटाने दाबून ते म्हणाले, "चाक हाय, पर वारं न्हाय म्हणा की!" भाताचे भारे उतरवून त्यांनी ट्रॉली रिकामी केली, चाक तिच्यात टाकले, दादांना बरोबर घेतले आणि मार्गासनीत ज्यांच्याकडे हवा भरायचे मशीन होते तिथे ट्रॅक्टर नेला. तासाभराने चाक टणक होऊन परत आले. दादांनी गाडी उचलण्याआधीच नट सैल केले. जॅक लावल्यावर नट सोडायला गेले तर गाडी जॅकवरून घसरू शकते. नवे चाक बसवून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, आणि पुढे काही किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा आवळले.

मी त्या शेतकऱ्यांना पैसे देऊ केले. ते म्हणाले, "पैसं कशाला? आत घर कसं असतंय तेवढं बघू द्या." त्यांच्या घरच्या मंडळी आल्या, मुले आली. सगळे त्या बिछान्यावर बसले, ओट्यावर चहा झाला. पूर्ण दिवसात ते मोटारघर तेवढा वेळच घरासारखे वाटले.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या धर्मग्रामातली नाही, म्हणून कोण, कुठले याचा तर्क करू नका. मी नवा फादर होतो. रात्री दोनच्या सुमारास एका घरून बोलावणे आले. आजाऱ्यांचे तैलाभ्यंग द्यायला गेलो. माणूस शेवटच्या घटका मोजत होता. धाकट्या भावाशी अकरा वर्षे बोलणे नव्हते, कारण सामाईक विहिरीचा वाटा. कोणीतरी त्या भावालाही उठवून आणले. चार घरांवरच राहत होता. तो आला तेव्हा मोठ्याला ओळख उरली नव्हती. थोड्या वेळाने सारे संपले. धाकट्या भावाने अंगणात माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "फादर, त्याच्या वतीने तुम्ही मला क्षमा केली असं सांगा."

मी त्याचे पापनिवेदन ऐकले, त्याला परमेश्वराची क्षमा दिली. ती देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने मला दिला आहे आणि ती क्षमा खरी आहे, तिच्यात काहीही उणे नाही. पण त्याला जो शब्द हवा होता तो त्याच्या भावाचा होता. तो माझ्याकडे नव्हता. मला तो द्यावासा फार वाटत होता. त्या मृताच्या बायकोलाही वाटत होता, ती म्हणालीही, "मी सांगते, त्यांच्या मनात काही नव्हतं." तो ऐकत राहिला, पण त्याला ते लागू पडले नाही.

त्या विहिरीला तेव्हा पाणीही फारसे राहिले नव्हते, असे नंतर कळले.

सांगायचे राहिले की १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस प्रवासी होरपळून गेले, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. हे मी एवढ्यासाठी सांगतो की टायरवर खापर फोडणे सोपे असते. मार्गासनीच्या रस्त्यावर मीही पहिल्यांदा तेच केले. "भाड्याच्या गाड्या अशाच असतात," असे म्हणालो. गाडीमालकाने जुना टायर ठेवला ही त्याची चूक खरीच. पण स्टेपनी बघू देत नव्हतो तो मी होतो, आणि तेही परमेश्वराच्या नावाने. पवित्र पाण्याच्या आशीर्वादाने आपण प्रवास परमेश्वराच्या हाती सोपवतो. हवा भरण्याचे काम त्याने आपल्याकडेच ठेवले आहे. मी ते ड्रायव्हरदादांना करू दिले नाही, म्हणून आजींचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. ड्रायव्हरदादांची मी त्याच दिवशी, ट्रॅक्टर परत यायच्या आत, क्षमा मागितली. ते आपल्या धर्माचे नाहीत. "जाऊ द्या हो फादर," म्हणाले आणि पान्याला तेल लावू लागले. आजींची क्षमा मागायला मात्र मला दोन दिवस लागले, हेही इथे कबूल करतो.

पुढच्या रविवारी दोन्ही मिस्सांनंतर आवारात आपली युवक मंडळी हवा मोजायचे मीटर घेऊन उभी राहणार आहेत. मोटारसायकल, रिक्षा, मोटार, टेम्पो, जे असेल ते आणा. थंड टायरवरच दाब बरोबर कळतो, म्हणून घर लांब असेल तर गाडी थोडा वेळ उभी राहू द्या. नक्षी किती उरली तेही बघतील. मोटारीला कायद्याने निदान १.६ मिलिमीटर हवी. बाजूवरचे चार आकडे लिहून देतील. स्टेपनी काढायला लाजू नका, तिच्यावर ठेवलेल्या पिशव्या, छत्र्या, मागच्या वर्षीचा नाताळचा तारा, जे काही असेल ते काढा. त्याच वेळी मी चर्चमध्ये पापनिवेदनासाठी बसेन, सकाळी साडेदहापर्यंत. ज्यांना आधी एखाद्या घरी जाऊन यायचे असेल त्यांनी उशीर झाला तरी चालेल, मी थांबेन.

काल आजींना कम्युनियन द्यायला गेलो होतो. डाव्या हाताने त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि विचारले, "फादर, तुमच्या त्या जुन्या स्कूटरला स्टेपनी आहे ना हो?"

आहे म्हणालो.

"हवा?"

चहा तसाच ठेवून मी खाली उतरलो आणि अंगठ्याने दाबून पाहिली.